बलरेषा परत येतेच कशावरून?

मॅडम, तुमचा बारावीचा वर्ग मला दिलाय. नवीन माणूस येईपर्यंत तुम्हीच सांभाळा, असं प्राचार्य म्हणाले. मी गणिताचा माणूस, फिजिक्सशी माझं नातं तुमच्याशी भांडण्यापुरतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे आणि तरी ते म्हणाले. तुम्ही ऐकलं असतं तर हसता हसता कपातला चहा साडीवर सांडला असता, नेहमीसारखा. प्रकरण चुंबकीय क्षेत्राचं. तुमच्या आजारपणात ते अर्ध्यावर राहिलं, आणि राहिलं तेही नेमकं त्या वाक्याच्या अलीकडे. मला तर संशय आहे की तुम्ही मुद्दाम तिथे थांबलात.

ते वाक्य आपल्या दोघांनाही पाठ आहे. चुंबकीय बलरेषा बंद असतात. म्हणजे चुंबकाभोवती किंवा तारेभोवती आपण ज्या रेषा काढतो, त्यातली कुठलीही धरून चालत गेलं की माणूस फिरून निघाला तिथेच येतो. मी हे शिकताना पाठ केलं, माझ्या शिक्षकांनी त्यांच्या काळी पाठ केलं, आणि आजवर कितीतरी पोरांनी पेपरात लिहून मार्क घेतले. पुस्तकं बदलली, कव्हरं बदलली, हे वाक्य आपल्या जागी ठाण मांडून बसलेलं. ते खरं आहे का, असं विचारणारं माणूस मला घोडेगावात भेटावं, याचं अजूनही नवल वाटतं.

तेव्हा तुम्ही कॉलेजात नव्या होता. मी स्टाफरूममध्ये डबा खात बसलो होतो. तुम्ही पुस्तक माझ्या भाकरीशेजारी सरकवलंत आणि विचारलंत की रेषा कुठे संपत नाही, एवढ्यावरून ती परत येते असं गणितात म्हणता येतं का? मी पुस्तकाकडे न बघताच म्हणालो, येत असणार, नाहीतर जाईल कुठे बिचारी?

"सर, न संपणं आणि परत येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?" तुम्ही म्हणालात.

माझा घास हातातच राहिला. खोटं कशाला सांगू, आधी राग आला. कालपरवा आलेली बाई आणि जेवताना असं काहीतरी विचारते. पण त्या दुपारी मी अकरावीला शिकवायला एक घेतलं आणि फळ्यावर भलतंच लिहिलं, कारण डोकं तुमच्या प्रश्नापाशी अडकलं होतं.

चुंबकाचा एक ध्रुव सुटा मिळत नाही, त्यामुळे रेषेला ना सुरुवात असते ना शेवट. इथपर्यंत सगळे शास्त्रज्ञ एका बाजूला. तिथून 'म्हणजे ती बंदच असणार' ही उडी मात्र कुणीतरी कधीतरी मारली आणि मागच्यांनी तिच्या मागोमाग मारली. तुम्ही तेवढी उडी पकडलीत. इतरांना दिसला असता तो नियम, तुम्हाला दिसली ती मधली मोकळी जागा. हे बघण्याची नजर मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे, आणि ती मोठमोठ्या पदव्यांत असतेच असं नाही.

ही 'कशावरून?' विचारायची सवय तुम्हाला कुठून लागली, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तुमच्या वस्तीतल्या विहारात बुद्ध पौर्णिमेला खीर वाटायच्या आधी तुमचे वडील प्रत्येक पोराला एक प्रश्न विचारायला लावायचे. मोठ्यांना उत्तर आलं नाही तर त्या पोराला खीर दुसऱ्यांदा. तुम्ही दरवर्षी दोनदा खायचात, शिवाय धाकट्या भावाला प्रश्न पढवून त्याच्या वाटीतलीही अर्धी काढून घ्यायचात. वडील सांगायचे, मोठ्या माणसानं सांगितलं, पुस्तकात छापलं, सगळे मानतात, यातलं एकही कारण पुरेसं नाही, स्वतः तपासून बघा. त्यांच्या आईवडिलांनी धर्म बदलला तोही असाच, विचार करून. त्या घरात प्रश्न न विचारणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखं होतं. माझ्या घरी, जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात, मोठ्यांना प्रश्न विचारला की आधी पाठीत धपाटा बसायचा आणि मग कामाला पिटाळलं जायचं. आपण दोघं एकाच टेबलावर कसे टिकलो देव जाणे. बघा, लगेच तुमचा आवाज कानात आला, देव जाणे हे कशावरून?

तुम्ही मला ते सगळं समजावलंत ते एका चुंबळीवर. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली ठेवतात ते चिंध्यांचं कडं, तुमच्या आईंची जुनी चुंबळ तुम्ही पिशवीतून काढलीत तेव्हा स्टाफरूममधले सगळे हसले. सरळ तारेतून वीज गेली की तिच्याभोवती रेषा गोल होतात, त्या बंद, वाद नाही. तार वाकवून कडं केलं तर रेषा कड्याच्या आतून निघून बाहेरून वळसा घालून येतात, त्याही बंद. पण कड्याच्या मधोमध सरळ तार उभी केली आणि दोन्हींत वीज सोडली, तर रेषेला दोघींचंही ऐकावं लागतं. ती कड्याला वेढे घालते आणि घालता घालता पुढेही सरकते. तुम्ही चुंबळीची वरची चिंधी सोडली आणि पुन्हा तिरकी गुंडाळत मला विचारलंत, एक फेरी पूर्ण करून आल्यावर चिंधी पहिल्या वेढ्यावर बरोबर बसेल का? बसली तर रेषा बंद. जराशी बाजूला पडली तर आणखी एक फेरी, त्यानंतर आणखी एक. संपायची नाही आणि परतही यायची नाही.

त्या रात्री मी गणित मांडलं. वेढे आणि फेऱ्या यांचं गुणोत्तर परिमेय आलं, म्हणजे साध्या अपूर्णांकात बसलं, तरच रेषा मिटते. अपरिमेय आलं तर कधीच नाही. आणि वीज चिमूटभर कमीजास्त झाली की गुणोत्तर बदलणार, त्यात अपरिमेय संख्यांची गर्दी एवढी की नेमकं अपूर्णांकावर येऊन थांबणं जवळजवळ अशक्य. म्हणजे या मांडणीत बंद रेषा हाच अपवाद. सकाळी मी तुम्हाला ते दाखवलं. तुम्ही जिंकल्याचा आव आणला नाहीत. फक्त म्हणालात, "म्हणजे तुम्ही तपासलंत." माझ्या साऱ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच. चुंबळ मात्र पुन्हा पहिल्यासारखी कुणालाच गुंडाळता आली नाही, आणि आई पुढे कितीतरी दिवस मला सुनवायच्या, "सर, तुमच्या शास्त्रापायी माझी चुंबळ इस्कटली."

एवढ्यावर भागलं नाही. तुम्हाला ती रेषा डोळ्यांनी बघायची होती. आळेफाट्याला तुमचा मावसभाऊ पंपांच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचा, जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. त्याच्याकडून तुम्ही तांब्याच्या तारेचं मोठं कडं वळवून आणलंत. त्यानं विचारलं म्हणे, ही कुठल्या पंपाची कॉइल, ताई? तुम्ही म्हणालात, पुस्तकाच्या पंपाची. मग लॅबमध्ये आपण दोऱ्याला टांगलेलं इवलंसं चुंबक धरून, ते ज्या दिशेला तोंड करेल तिकडे एकेक टप्पा सरकत, चिखलाच्या गोळ्यांत काड्या रोवत गेलो. सगळी दुपार गेली. शेवटची काडी पहिल्या काडीला बरोबर टेकली. रेषा बंद! पुस्तक खरं ठरलं होतं, आणि तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. मी तुम्हाला चिडवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्हाला दिसलं की मधल्या सरळ तारेची क्लिप केव्हाच निसटून टेबलाखाली लोंबत होती. आपण दुपारभर नुसत्या कड्याची रेषा मोजत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी क्लिप घट्ट लावून पुन्हा केलं. या वेळी शेवटची काडी पहिलीपासून बोटभर लांब पडली. तुम्ही लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो की यानं काही सिद्ध होत नाही, तुमचा हात हलला असेल, आणि आणखी दहा फेऱ्यांनी ती मिटणारच नाही हे कशावरून? मला वाटलं तुम्ही उखडाल. तुम्ही कड्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात की बरोबर आहे, डोळ्याला हे कधीच कळणार नाही, हे फक्त गणितालाच कळतं. आणि बोटभर अंतराची ती काडी तुम्ही स्वतःच उपटलीत. मॅडम, दुसऱ्याला 'कशावरून' विचारणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या आनंदाला तो प्रश्न विचारणारं माणूस मी एकच पाहिलं. त्या दिवसापासून मी तुम्हाला मानतो. तोंडावर कधी बोललो नाही, कारण तुम्ही लगेच पुरावा मागितला असता.

आपलं खरं भांडण याच्यापुढचं. रेषा बंद नसू शकते, यावर आपलं एकमत झालं होतं. हे पोरांना सांगायचं का, यावर झालं नाही. तुम्ही वर्गात सांगायचात. सगळं सांगायचात, चिंधी गुंडाळून दाखवायचात, आणि शेवटी म्हणायचात, पेपरात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्यावर तुटून पडायचो. आपली पोरं डोंगरातून पहिल्या एस.टी.ने येतात, कुणाचा बाप भीमाशंकरला फुलं-नारळ विकतो, कुणाच्या घरी भाताची दोन खाचरं. या पोरांना घाट उतरायला मार्कांशिवाय दुसरी गाडी नाही. मी स्वतः त्या गाडीत बसून खाली आलोय. एका मार्कावर माझा प्रवेश अडकला होता, ते दिवस मला अजून आठवतात. तपासणारा 'बंद' हा शब्द शोधणार आणि नाही दिसला की मार्क कापणार. मी म्हणायचो, हौस तुमची, मार्क त्यांचा. तुम्ही म्हणायचात, पोरांना खरं पेलत नाही असं तुम्हीच ठरवून टाकलंय. मी म्हणायचो, पोटाला पेलत नाही. मग दोन दिवस स्टाफरूममध्ये आपण एकमेकांना फक्त नमस्कार करायचो.

हे भांडण तुमच्या घरीही झालं, ओट्यावर, आईंच्या समोर, चहा निवेपर्यंत. शेवटचं झालं तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. तुम्ही विचारलंत की उद्या माझा वर्ग तुमच्याकडे आलाच, तर त्या वाक्यापाशी काय कराल? मी म्हणालो, बघू.

"तुमचं 'बघू' म्हणजे पुस्तकातलंच वाक्य," तुम्ही म्हणालात आणि हसलात. हसताना खोकला आला. आईंनी मला डोळ्यांनीच निघायला सांगितलं. मी निघालो. मला अजून बोलायचं होतं, पुढच्या रविवारी बोलू असं वाटलं. पुढचा रविवार आलाच नाही.

शोकसभेत पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. तुम्ही अमर आहात, तुम्ही आमच्यातच आहात, असं एक जण म्हणाले. दुसऱ्यांनी तर बलरेषांनाच हात घातला, मॅडमच्या कार्याला अंत नाही वगैरे. माझं डोकं फिरलं. तुम्हाला अंत झाला, मॅडम. मी तिथे होतो. विहारातल्या भंतेजींनी म्हटलेल्या गाथा मी ऐकल्या, तुमच्या भावाला मी धरून होतो. तुम्ही गेलात, आणि मला फार, फार वाईट वाटतं. त्यावर कुठल्या रेषेचं गोड पांघरूण घालायचं माझ्या मनात नाही, आणि तुम्हालाही ते चाललं नसतं.

आता काल काय झालं ते ऐका. काल ते वाक्य आलं.

मी ठरवून गेलो होतो की वाचून दाखवायचं आणि पुढे सरकायचं. फळ्यावर लिहिलंही. खडू खाली ठेवला आणि पोरांकडे बघितलं, तर सगळी माझ्याकडे बघत होती. तुम्ही या वाक्यापाशी दरवर्षी काय करायचात, ते त्यांनी आधीच्या पोरांकडून ऐकलं होतं. मला पुढे सरकता आलं नाही, मॅडम. मी फळा पुसला, कडं काढलं, मध्ये तार काढली, आणि माझं मोडकंतोडकं फिजिक्स आणि नीटसं गणित घेऊन सगळं सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मग कोमलनं विचारलं की सर, पेपरात काय लिहायचं? ही तीच, भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावातली, पहिल्या एस.टी.ची. मी काही लपवलं नाही. 'बंद असतात' लिहिलं तर पूर्ण मार्क. 'सुरुवात नाही आणि शेवट नाही' एवढंच लिहिलं तर ते कधीही खोटं ठरणार नाही, पण मार्क जाऊ शकतो. ओंकार उभा राहिला. म्हणाला, मी बंदच लिहिणार, मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचंय, पण ते नेहमी खरं नसतं हे आता मला माहीत आहे. सांगताना त्याची मान खाली गेली नाही. मला वाटायचं की अशानं पोरं दुतोंडी होतील. हा पोरगा तर हिशेबात स्वच्छ होता.

कोमल मात्र बसूनच होती. मग म्हणाली की मी 'बंद' नाही लिहिणार. मला राग आला. खरंच आला. मी तिला झापलं, मार्क म्हणजे काय वाटलं तुला, एका मार्कापायी माझं काय झालं होतं ते सगळं ऐकवलं, घाट, गाडी, सगळं. ती ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली,

"म्हाईत हाय सर. पण मार्क माझाच हाय ना त्यो?"

इतकी वर्षं त्या मार्काची राखण आपण दोघं करत होतो, मी घट्ट धरून आणि तुम्ही सैल सोडून, आणि ज्यांचा तो होता त्यांना मी एकदाही काही विचारलं नव्हतं. तुम्ही मात्र दर वर्षी विचारत होता, ठरवा म्हणत होता. मी ते ऐकून अंगावर जबाबदारी नको म्हणून म्हणताय असं समजत होतो. तुम्ही त्यांना मोठं समजत होता, मॅडम. मला ते काल कळलं, एका पोरीनं सांगितल्यावर.

कॉलेज सुटल्यावर मी गाडी काढली ती सरळ तुमच्या गावाला. कुठे जातोय हे गाडीला माहीत होतं, मला नाही. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि आई कोंबड्या हाकत बसल्या होत्या. मी पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं, वाक्य, वर्ग, ओंकार, कोमल. त्यांना त्यातलं किती उमगलं कोण जाणे, पण त्यांनी मला मधे थांबवलं नाही. शेवटी मी म्हणालो, आई, मॅडमचं बरोबर होतं, मी हरलो. 

आईंनी पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"मंग सर, आता तुमी भांडणार कुणासंगं?"

मॅडम, आईंनी दिलेला चहा निवेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.